न विचारलेलं

आजही सहाला वीज गेली.
दोन मेणबत्त्या, लाल पेन आणि चौतीस वह्या.
कांकोयोतल्या वह्यांना एक वास असतो.
मला तो आता येत नाही,
बायको म्हणते, येतो.

प्रश्न सोपाच घातला होता:
तीनशे अठरा ग्रॅम कॉपर सल्फाइड
भरपूर हवेत भाजलं,
तर तांबं किती?

कापेम्ब्वाने ग्रॅमला ग्रॅमनेच भागलं.
किती घसा फोडला, बाबा रे,
ग्रॅमची ग्रॅमशी ओळख नसते,
आधी मोल कर, मग बाण ओलांड,
पलीकडे उतरलास की ये पुन्हा तराजूवर.
न्गोसाच्या समीकरणात तर
तांब्याचा एक अणूच गायब.
खाणीच्या फाटकावर असं चालत नाही, पोरा,
तिथे बूट काढून झडती घेतात.

अकरावी वही चिलेशेची.
हिची आई बसथांब्यावर फितुंबुवा तळते.
साखर संपली की उरलेलं पीठ
दिवसभर नुसतं पीठच राहतं,
हे हिला सहाव्या वर्षापासून ठाऊक.
मी फक्त फळ्यावर त्याला नाव दिलं,
मर्यादक अभिकारक,
तेव्हा ती हसली होती.

दोन मोल. दोनशे चोपन्न ग्रॅम. बरोबर.
पान उलटणार,
तर खाली पेन्सिलीने, फिकट:

सर, डावीकडे ऑक्सिजन धरून तीनशे ब्याऐंशी होतात.
उजवीकडचे तुम्ही दोनशे चोपन्नच मागितलेत.
राहिलेले एकशे अठ्ठावीस
परवा रात्री आमच्याकडे आले होते.
आईने दाराखाली ओलं फडकं सारलं,
तरी बाळ खोकतच होतं.
ते उत्तरात धरायचे का?

आमच्याकडे त्याला सेंटा म्हणतात.
वारा फिरला की माणसं
बोलता बोलता नाकाला बाही लावतात
आणि वाक्य पुरं करतात.
पत्रे चाळणीसारखे होतात. टोमॅटो धरत नाही.

एकोणीस वर्षं मी शिकवतो
की काही नाहीसं होत नाही,
आणि एकोणीस वर्षं प्रश्नात
फक्त तांबं विचारतो.
पुस्तकात तसंच आहे.
बोर्डाच्या पेपरातही.

चारपैकी चार दिले.
समासात लिहिलं: धरायचे.
मग ते फारच कोरडं वाटलं,
पण लाल शाई खोडता येत नाही.

बारावी वही, मुटालेची.
याने निदान
समीकरण तरी संतुलित केलंय.