तीन सप्टेंबर

लडलोच्या वाचनालयात, दाराशी, काळा फळा.
आजच्या दिवशी काय घडलं, ते रोज मी लिहिते.

१६६६ : लंडन जळतंय, कालपासून.
१९३९ : सव्वाअकराला रेडिओ म्हणाला, युद्ध.
१७५२ :

खडू अडतो.
त्या वर्षी दोन तारखेला निजलेलं गाव
थेट चौदाला उठलं.
मधले अकरा दिवस कॅलेंडरनं गिळले;
चर्चच्या वहीत ना बारसं, ना दफन,
कोरी जागासुद्धा नाही.

टोपी काढून पॅडफील्ड आजोबा वाचतात.
रेडिओ ऐकला आणि त्यांच्या आईनं
दोरीवरचे कपडे ओलेच घरात आणले.
ते तेव्हा पाच वर्षांचे.

"सतराशे बावन्नपुढे काय?"
"काहीच झालं नाही."
"मग तेवढं मोठ्या अक्षरात लिही, पोरी."