चिकट भात

कुरिअरवाला पाकीट देऊन गेला तेव्हा
दादा दारात जाळं शिवत बसले होते.
त्यांनी ते आधी हुंगलं,
मग विचारलं, "कार्बनपेपर कामून मागवलास?"

दहा पानं. काळी, कडक,
एका अंगानं चमकणारी, दुसऱ्या अंगानं खरबरीत.
वैजनाथनं एक उजेडासमोर धरलं
तर आमची ट्यूबलाइट हिरवी झाली.

कॉलेजात सरांनी सुशी फळ्यावर लिहून दिली होती.
तांदूळ इतके, पाणी इतकं.
सामान आलं नव्हतं, म्हणून परीक्षेतही ती फळ्यावरचीच होती.

मासा कच्चा घालतात, म्हटलं.
दादा हसले नाहीत.
"धरणाचं पानी हाय हे. कच्च्यानं पोटात किडे व्हतेत.
आन् तसंबी, आपण मानसं हाव का बगळे?"
मग सांगितलं, तिकडं वामसुद्धा चालते,
निखाऱ्यावर भाजून, गोड रस लावून.
वाम म्हटल्यावर ते जाळं ठेवून उठले.

पैठणच्या बाजारात वामीला गिऱ्हाईक नाही,
सापासारखी दिसते म्हणून बाया तोंड फिरवतात.
रोज टोपलीच्या तळाशी उरते
आणि आमच्या कालवणात येते.
आज तिला चिंचगुळाचा लेप लागला,
तीन वेळा, कोंबडीच्या पिसानं.

भाताचं मात्र अवघड झालं.
माय लग्न होऊन आली तेव्हा
तिचा भात चिकट व्हायचा
आणि त्यावरून तिनं काय काय ऐकलं होतं.
पुढं शीत न् शीत सुटं करायला शिकली.
आता मी म्हणत होते, अजून पाणी घाल.
"अजून?"
अजून.
भिंतीवरच्या सासूच्या फोटोकडं पाठ करून
तिनं आणखी अर्धा तांब्या ओतला.

लिंबू, साखर, मीठ.
पूर्णा भूगोलाच्या वहीनं वारा घालत होती,
जपानचा नकाशा त्याच वहीत होता, पण ते नंतर लक्षात आलं.

गुंडाळायची चटई मागवायची राहिली होती.
मासळीच्या गाळ्यावरचा जुना चिकाचा पडदा,
त्याची वीतभर पट्टी उकळत्या पाण्यातून काढली.
माझी पहिली गुंडाळी पोटातून फाटली.
वैजनाथची एका टोकाला हत्ती, दुसऱ्या टोकाला उंदीर.
पूर्णानं भात हातालाच लावून घेतला, केसांनाही.

"सरका."
दादांनी हात पाण्यात बुडवून झटकले.
"पहिल्या येढ्याला दाब द्यायचा,
मंग सोडून द्यायचं, ते आपलं आपण जातं."
जाळं असंच गुंडाळतात, हे मला
दोन वर्षं फी भरूनही सुचलं नव्हतं.
मग त्यांनी मासळीची सुरी ओली केली
आणि बोलता बोलता आठ तुकडे केले,
कोण कुठला, ओळखू येऊ नये असे सारखे.

हिरव्या तिखटाच्या जागी ठेचा.
वैजनाथचे डोळे भरले, तरी त्यानं आणखी घेतला.
मायनं पहिला तुकडा भाकरीत धरून खाल्ला.
"ह्याच्यात भात हाय," मी म्हटलं.
"असू दे," ती म्हणाली, "भाताला काय कळतंय."
बरं लागलं का, ते कुणी सांगितलं नाही.
ताट पुसून गेलं होतं.

एक पान उरलं, कोपरा तुटलेलं.
दादांनी ते पुन्हा हुंगलं.
"मे महिन्यात पानी उतरलं
की आपल्या बुडीत गावाच्या पारावर वाळतंय,
तसलंच हे."
पन्नास वर्षं नाथसागरात होडी,
समुद्र अजून पाहिला नाही.
त्यांनी तुकडा पाण्याच्या वाटीत सोडला.
आधी तो कागदासारखा तरंगला,
मग कडा सैल झाल्या,
मग मधूनच एक झुळझुळ हलली,
वारा नसताना.

"वळखलं त्यानं," दादा म्हणाले.

आम्ही चौघं वाटीवर वाकलो होतो.
माय एकटीच उभी,
पातेल्याच्या तळाला चिकटलेला भात
बोटानं काढून खात.