आरपारी

नेरुळला टिपणीस बाईंच्या रो-हाउसचं काम घेतलं,
दर्शनी भिंतीला विटा लावायच्या.
विटा कसल्या, विटांच्या साली.
पाऊण इंच जाड, खोक्यातून येतात,
जुनेपण कारखान्यातच चढवलेलं.

तिसऱ्या दिवशी आप्पा आले, बोनसरीहून रिक्षाने.
दुकानदार नाणं वाजवून घेतो
तशी बोटाच्या पेराने भिंत वाजवली.
"पोकळ बोलते."
मग थर मोजले.
एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड.
"ही आखूड दिसते, ती आत नऊ इंच जायला हवी.
ही कुठवर जाते, पोरी?"
पाऊण इंच, आप्पा.
"म्हणजे नुसती डोकी लावलीस. धडं कुठायत?"

बाई चहा घेऊन बाहेर आल्या.
त्यांचा कप हातात तसाच धरून
आप्पांनी त्यांना त्यांचंच जोतं दाखवलं:
कुंड्यांच्या मागे तीन थर, काळा दगड,
त्यावर टाकीचे घाव, सगळे उलट्या अंगाला कललेले.
"आमच्या खाणीचा माल. हे दुर्गप्पाचं काम.
डावखुरा होता."

आणि एका दगडावर तळवा ठेवला.
वीतभरही नव्हता तो,
शेजारच्या दोघांपुढे अगदीच किरकोळ.
"हा आरपारी.
बाहेर तोंड एवढंसं, आत दीड फूट.
भिंतीची दोन्ही अंगं यानेच धरलीत."
बाई वाकल्या. चौदा वर्षं
नातवाची सायकल त्यालाच टेकलेली.

दरजांतून पांढरं फुललं होतं.
आप्पांनी बोट लावलं, जिभेवर ठेवलं.
"लोणा. खाडी वर चढते हळूहळू.
सिमेंटने तोंड दाबू नका तिचं,
चुना भरा. भिंतीला घाम येऊ द्या."
चहा तोवर गार झाला होता. तोच प्यायले.

जोत्यावरही साली चढवायच्या ठरल्या होत्या.
उचल घेतलेली, माणसं अडकलेली,
मी चढवल्या.
ओळंबा सोडला, तर रेष चोख आली,
आणि लांबून खरंच छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

फक्त दाराच्या डाव्या हाताला
दोन हात जागा उघडी ठेवली,
तेवढे चौरस फूट बिलातून वजा केले,
दरजा कोरून चुना भरला,
आणि सायकल दुसरीकडे लावायला सांगितली.