खट्

पहाटे पाचला बसय्या गाडी लावून जातो
टिळकवाडीतल्या लॅबमागं, चावी मकतुमसाबकडं.
सव्वापाचला मी दार उघडते
तेव्हा सीट पार मागं गेलेली,
गोकाकच्या सहाफुटी माणसाचे पाय मावतील इतकी.
बसले की क्लच दिसतो, पोचत नाही.

वर्ष झालं, आम्ही एकमेकांना पाहिलंय तीनदा.
मला तो ठाऊक आहे
पाठीला लागणाऱ्या थोड्या उबेवरून
आणि पायाशी पडलेल्या वेलदोड्याच्या सालींवरून.
त्याला मी कशावरून, काय की.
सीटवरच्या जादा उशीवरून असेल.

दिवसा मी, रात्री तो.
हुक्केरी, संकेश्वर, निपाणी, चिकोडी,
दवाखान्या-दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या
बर्फाच्या डब्यात घालून आणायच्या
संध्याकाळच्या आत.
उशीर झाला तर रक्त खराब होतं म्हणतात.
म्हणून घाई. घाई म्हणजे आमचा पगारच.

त्या मंगळवारी हत्तरगीच्या टोलपुढं
पाण्याची बाटली घरंगळून सीटखाली गेली.
बाटली माझीच.
वाकून, सीट ढकलून, ओढून काढली,
दांडी सोडली,
मागून कुणीतरी हॉर्न दिला
आणि मी निघाले.

वंटमुरीच्या चढाला दुसरा गिअर टाकायला
क्लच दाबला पाय ताणून
तर पायाखालचा क्लच निघून गेला.
नाही, मीच निघून गेले मागं,
सरळ, सावकाश, झोपाळ्यासारखी.
स्टिअरिंग बोटांच्या टोकांना.
ब्रेक दूर, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.
गाडी दचकली, बंद पडली, उलटी सरकू लागली,
आणि आरशात उसाचा ट्रॅक्टर,
दोन ट्रॉल्या,
वर बसलेलं पोर तोंड उघडं टाकून बघतंय.

हँडब्रेक.
डावा हात आपसूक गेला, त्याचे उपकार.
ट्रॅक्टरवाला खाली उतरला, मला वाटलं शिव्या घालणार.
त्यानं एक मोठा दगड चाकामागं ठेवला
आणि म्हणाला, "अक्का, मदलु उसिरु तगोळ्री."
आधी श्वास घे बाई.
डब्यातल्या नळ्या एकमेकींवर वाजत होत्या अजून,
का माझेच दात.

दुसऱ्या दिवशी नेलपेंटची बाटली नेली, लेकीची, जांभळी.
रुळावर माझ्या खाचेपाशी एक रेघ ओढली.
आमच्या भागात रेघ ओढली की
लोक विचारतात, कुणीकडची?
ही नुसती तुळसा कंग्राळकरच्या गुडघ्याची.
क्लच तळाला टेकला तरी गुडघा जरा वाकलेला राहतो, ती जागा.
आणि चिठ्ठी ठेवली डॅशबोर्डवर:
खट् ऐकल्याशिवाय गाडी हलवू नका.

तिसऱ्या दिवशी रुळावर दुसरी रेघ, पाच खाचा मागं,
पांढऱ्या ऑइलपेंटची, जाड, जरा वाकडी.
चिठ्ठीच्या पाठीवर कानडीत चार ओळी.
मकतुमसाबनं चष्मा लावून वाचलं:
"खट् ऐकून भागत नाही. माती बसली की खोटं पण वाजतं.
दांडी सोडल्यावर पाठीनं मागं रेटून बघा,
मग पुढं. हलली नाही तरच चावी.
रूळ मी घासून ठेवलाय."
खाली सही. आणि सहीच्या खाली,
"बाटली दाराच्या कप्प्यात."
हे त्याला कुणी सांगितलं, काय की.

तेव्हापासून गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला,
दांडी उचलते, जांभळ्या रेघेवर येते,
खट् होतं.
मी विश्वास ठेवत नाही.
पाठीनं रेटते, पुढं झुकते, परत रेटते.
सीट माझं ओझं घेऊन गप्प राहते.
मग पाठ उभी करायची,
मनगट स्टिअरिंगच्या माथ्याला टेकतं का बघायचं,
पट्टा.

आरसा शेवटी.
तो खाली करायच्या आधी एक क्षण
त्यात बसय्याच्या उंचीचं काहीतरी दिसतं मला,
रस्ता नव्हे, लॅबची गच्ची, गच्चीवरची टाकी.
आज टाकी भरून वाहतेय.
मकतुमसाबला हाक मारते,
मग आरसा माझा करून घेते.