बंद गळा

एरंडोलला, बसस्टँडमागच्या बोळात माझं मशीन.
लाल पुठ्ठ्याची एक वही आहे,
तिच्यात निम्म्या गावातल्या बायांचे गळे लिहिलेत.

निर्मला भदाणे, अंगणवाडीवाली.
पहिल्या वर्षी पुढचा गळा सात.
मग सहा. मग पान उलटून पाच.
यंदा कानबाईची साडी घेऊन आली, म्हणाली,
"ताई, बंद गळा शिव. कॉलरचा."
पाऊस दडी मारून बसलेला,
डोक्यावरचा पत्रा तडतडतोय,
आणि ही कॉलर मागते.

मी वही मागे चाळली.
वयानं बाई लाजरी होते म्हणतात,
पण इतक्या हिशेबानं नाही.

फीत मानेभोवती घेतली तर
उजवीकडे बोट थांबलं.
कातडीखाली चिंचोक्याएवढं काहीतरी.
तिनं आवंढा गिळला,
तसं ते माझ्या बोटाखालून वर गेलं
आणि पोहरा विहिरीत सोडावा तसं परत खाली आलं.

"तुना गयामा काय शे वं, निर्मला?"

आमच्या बोलीत गळ्याचा गया होतो.
तिची भावजय बऱ्हाणपूरकडची,
हा शब्द पहिल्यांदा ऐकून खूप हसली होती:
गया? कहाँ गया?
आज निर्मला हसली नाही.

"दुखत नाही गं," एवढंच म्हणाली.
सासूनंही तेच विचारलेलं:
दुखस का? नई. मंग ऱ्हाऊ दे.
कुणी लेप सांगितला,
कुणी शनिवारी काळा दोरा बांधला,
दोऱ्याखाली गाठ तशीच राहिली,
जेवायला न मागणाऱ्या पाहुण्यासारखी.

मी शिंपीण. गाठ मला कळते.
सुतातली गाठ कधीच दुखत नाही,
चालता टाका अडतो, बस.
आणि हिसका दिला की आणखी आवळते.
आधी उजेडाकडे धरून पाहावं लागतं,
कुठलं सूत कुठून कुठे गेलंय.
एवढं सांगितलं तिला. बाकी मला काय कळतं.

जळगावला डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा ग्लास दिला.
घोट घ्या. थांबा. आता गिळा.
आवाज बसतो का, घास अडतो का,
कधीपासून आहे, किती वाढली?
हे शेवटचं निर्मलाला सांगता येईना.
मी पिशवीतून वही काढली.
बाई बराच वेळ वाचत राहिल्या.
चष्मा काढून म्हणाल्या,
दुखत नसताना आलात, हे बरं केलंत.

मग रक्त दिलं. मग थंडगार मलम फासून
पडद्यावर गळ्याचं चित्र.
मग सुई,
माझ्या नऊ नंबरच्या सुईहून बारीक, खरंच.
तिनं माझा अंगठा धरला,
जिथं मशीननं एकदा मला शिवलं होतं.
"दुखलं?"
"मुंगीएवढं."
दोन वर्षांत त्या गाठीपायी दुखलेलं तेवढंच.

रिपोर्टला आठ दिवस.
ते आठ दिवस तिचा ब्लाउज मी बेतला नाही.
कात्री दोनदा उचलली, ठेवून दिली.

साधी आहे म्हणाल्या. काढायची नाही.
पण विसरायचीही नाही.
एकोणीस मिलिमीटर.
मी मनातल्या मनात बदलून घेतलं: सहा सूत.
सहा महिन्यांनी पुन्हा मोजू.
वाढली, कडक लागली, आवाज घोगरा झाला
तर वाट बघू नका, त्याआधी या.

येताना पाळधीजवळ केळीच्या ट्रकांनी रस्ता अडवला.
गाडीत उकाडा मरणाचा.
तिनं मानेवरचा पदर काढला,
घाम पुसला, आणि परत घेतला नाही.

घरी आल्यावर तिच्या पानावर मी नवा रकाना आखला.
छाती, कंबर, बाही, गाठ.
गाठीपुढे सहा सूत, माघात पुन्हा.
गळ्यापुढची जागा कोरी.

"किती घेऊ?"
ती आरशासमोर उभी, बोटानं चाचपत, गिळून बघत.
"साडेपाच घे," म्हणाली.
"नको. थांब."
खाली मशीनला कुणीतरी हाक मारून गेलं.
"साडेपाचच."

कानबाई केव्हाच होऊन गेली होती.
मी लिहिलं साडेपाच,
पेन्सिलीनं.