सहा पानं

खोपटला एस.टी. डेपोच्या मागे माझं दुकान.
कोर्टाच्या फायली, सोसायट्यांची दफ्तरं, पीएचडीचे प्रबंध,
काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, तीन दिवसांत.
म्हणून कर्णिकबाईंचा फोन आला
तेव्हा सवयीने विचारलं, किती पानी?
सहा, म्हणाल्या.
पण एकेक पान तुमच्याहून उंच असेल.

चरई, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
खोलीभर नागमोडी उभा
जुना जपानी पडदा, घडीचा.
सोन्याचा वर्ख चौकोनी तुकड्यांनी लावलेला;
तुकडा तुकड्यावर चढतो तिथे रेघ उमटते,
सारवलेल्या जमिनीवर हाताचे फराटे दिसतात तशी.
त्यावर लव्हाळं, आणि उजवीकडून उतरणारी रानबदकं.
नऊ.
दहाव्याची नुसती चोच, पहिल्या पानाच्या कडेला.
बाकीचं अंग जोडीच्या पडद्यावर.

तो कुठाय?
कोबेला. एकाहत्तर साली दुकानदाराने दिला नाही
की ह्यांना परवडला नाही,
यावर आमचं शेवटपर्यंत भांडण.

मी बिजागरी शोधत होतो.
लोखंड नाही, पितळ नाही,
कागदाच्या पट्ट्या फक्त, एक पुढून, एक मागून,
म्हणून पान दोन्हीकडे वळतं.
तीस वर्षं पुस्तकं बांधली,
असं वळणारं एकही बांधलं नाही.
चौथ्या-पाचव्यामधली पट्टी फाटली होती
आणि वर्खाला डेटॉलचा वास होता.

वारा अडवायला करतात म्हणे हे, बाई म्हणाल्या.
आमच्याकडे वारा कुठला. खाट होती.
दोन वर्षं. खाटेखाली भांडं, उशाशी सिलिंडर.
लोक भेटायला यायचे, इकडे बसून चहा प्यायचे,
म्हणायचे, काय सुंदर आहे हो!
हे आतून म्हणायचे, थँक्यू.

दुकानात पाठीचा कागद ओला करून उचलला.
आत थरावर थर, सगळी रद्दी,
कुणाच्या तरी जुन्या वह्यांची पानं.
मला जपानी येत नाही. हिशेब ओळखू येतो:
उभ्या ओळी, खाली आकड्यांसारखं काही,
मध्येच एक नाव खोडलेलं,
दोनदा खोडलेलं, म्हणजे पैसे बुडाले असणार.
बदकं इतकी वर्षं ह्याच्यावर उतरत होती.

चौथ्या पानाच्या मागे मात्र एक ठिगळ,
मैद्याची खळ, घरचं काम, कडा वाकड्या.
चौकटीच्या वहीचा कागद, निळं बॉलपेन:
बदकं ९.
येणे १.

फोन केला. बाई स्वतः आल्या, रिक्षाने.
चष्मा पुसून वाचलं. परत पुसला.
अक्षर बघा कसं, म्हणाल्या, इंजिनीयरचं.
मग: हे काढू नका. आतच राहू दे.

काढलं नाही.
हातकागदाच्या पट्ट्या कापल्या, गव्हाची खळ शिजवली,
मोरचूद घातला नाही, सोनं काळवंडेल या भीतीने;
किडे लागले तर लागले, पुढचा कुणी बघेल.
अकरा दिवस दुसरं काम घेतलं नाही.
एक प्रबंध बोंबलत परत गेला.

मुलाला घेऊन तीन मजले चढवला.
कुठे ठेवू? होता तिथेच.
पानं एकेक उघडली, वळली, कुरकुर नाही.
बाई खुर्ची ओढत मागे गेल्या,
खाटेच्या जागी,
जिथून फक्त पाठ दिसते, साधी, करड्या कागदाची.
बराच वेळ काही आवाज नाही.
काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं,
छान दिसतोय.

आतून आलं, थँक्यू.

तलावपाळीपर्यंत आलो तेव्हा मुलगा म्हणाला,
पैसे?