उतार

रेकॉर्ड रूममध्ये सापडला मॅकफीसाहेबाचा नकाशा,
कडा वाळवीनं खाल्लेल्या.
दवाखान्याचं छप्पर इतकं उभं, की
सत्तू पाथरवटानं विचारलं म्हणे,
“सायेब, ह्यावरनं घसरायचं कुणी?”

साहेबानं बोटं हलवून दाखवलं :
वरून काहीतरी हलकं पडतंय,
साठतंय, मग भार होतोय.
सत्तूला वाटलं, कापूस.

साहेबाच्या गावात त्यानं बांधलेली एक शाळा,
एक अर्धा मनोरा,
चार सावकारांची घरं. बास.
इथं कोनशिलेवर नाव एजंटाचं.

मी ज्युनिअर इंजिनिअर, गळती बघायला वर चढलो.
पन्हळीच्या आतल्या अंगाला, काळ्या दगडात,
जिथं कुणाचीच नजर जात नाही,
सत्तूनं कोरलंय
कापसाचं उकललेलं बोंड.

गळती बरोबर तिथूनच आहे.